यादीतले नाव, उताऱ्यावरचे नाव : खानदेशातील स्त्रिया आणि मताधिकार

1906 मध्ये ब्रिटिश सरकारने खानदेश जिल्ह्याची विभागणी केली. जळगाव हे पूर्व खानदेशाचे आणि धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले. कापूस, ज्वारी आणि भुईमूग पिकवणाऱ्या या मुलखात निंदणी-खुरपणीपासून कापूस वेचणीपर्यंतची बरीचशी कामे बायकांच्या हातची होती. सरकारी दप्तरात मात्र त्यांचे नाव सहसा नसे. शेतजमिनीच्या उताऱ्यावर कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचे नाव लागे. स्त्रीचे नाव चढे ते बहुधा नवरा वारल्यावर, आणि तेव्हाही पुष्कळदा लहान मुलाची ‘अज्ञान पालनकर्ती’ म्हणून. मुलगा सज्ञान झाला की ते नाव उतरे.

खानदेशातील स्त्रियांच्या राजकीय हक्काचा इतिहास दोन नोंदवह्यांभोवती फिरतो. एक जमिनीचा उतारा आणि दुसरी मतदार यादी. आरंभी पहिल्या वहीत नाव असल्याखेरीज दुसऱ्या वहीत नाव येत नसे. पुढे दुसरी वही सर्वांना खुली झाली, तरी पहिली बहुतांशी मिटलेलीच राहिली. मताच्या बळावर ती उघडण्याचा प्रयत्न स्वातंत्र्यानंतर चार दशकांनी जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्याने केला.

डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ मद्रास येथे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि नव्या राज्यसुधारणांत स्त्रियांना मताधिकार मिळावा अशी मागणी त्याने केली. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने ती अकाली म्हणून बाजूला सारली. पडदापद्धती, निरक्षरता आणि रूढी अशी कारणे तिने पुढे केली. 1919 च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतिक विधिमंडळांवर सोपवला. मद्रासमागोमाग 1921 मध्ये मुंबई विधिमंडळाने स्त्री असल्यामुळे येणारी अपात्रता काढून टाकली आणि 1923 च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातील स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिले. उमेदवार म्हणून उभे राहण्याची वाट 1926 मध्ये मोकळी झाली.

विधिमंडळाच्या ठरावाने दार उघडले, पण उंबरठा तेवढाच उंच राहिला. ग्रामीण भागात ठरावीक रकमेचा शेतसारा भरणाऱ्यालाच मत होते. पुरुषांमध्येही ही अट पुरी करणारे थोडे होते. स्त्रियांमध्ये ती पुरी करणार कोण? जिच्या स्वतःच्या नावावर पुरेशी जमीन आहे तीच. यावल किंवा शिरपूरच्या शेतात जन्मभर राबलेल्या बाईपेक्षा मोठ्या वतनदार घरातली विधवा मतदार होण्याची शक्यता कितीतरी अधिक होती. सधवेला, मजूर बाईला आणि सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा स्त्रीला या सुधारणेचा जवळपास काहीच उपयोग नव्हता.

1935 च्या कायद्याने वर्तुळ थोडे मोठे केले. लिहितावाचता येणारी स्त्री मतदार होऊ शकत होती. त्याचबरोबर ठरावीक मालमत्ता असलेल्या पुरुषाच्या पत्नीलाही, त्याची पत्नी म्हणून, मत मिळाले. अखिल भारतीय महिला परिषदेसह त्या काळच्या प्रमुख स्त्री संघटनांनी या दुसऱ्या तरतुदीला विरोध केला होता. मत नागरिक म्हणून मिळावे, कोणाची तरी बायको म्हणून नव्हे, आणि ते सर्व प्रौढांना मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. हा विरोध तात्त्विक तर होताच, पण तितकाच व्यवहारीही होता. पत्नी म्हणून मिळालेला हक्क नवऱ्याच्या जमिनीवर अवलंबून होता. जमीन गेली की तोही जाणार होता. देशभरात या कायद्याने मत मिळालेल्या स्त्रियांची संख्या साठ लाखांच्या आसपास होती आणि पुरुष मतदार तिच्या चौपटीहून अधिक होते.

या कायद्याखालची पहिली निवडणूक तोंडावर असताना काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन पूर्व खानदेशात भरले. 27 आणि 28 डिसेंबर 1936 रोजी यावल तालुक्यातल्या फैजपूरला झालेले हे काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि शंकरराव देव स्वागताध्यक्ष. धनाजी नाना चौधरी यांनी स्थानिक व्यवस्थेचा मोठा भार उचलला, तर साने गुरुजींनी गावोगाव फिरून स्वयंसेवक आणि मदत जमवली. नंदलाल बोस यांनी बांबू, गवत आणि खेड्यात सहज मिळणाऱ्या साहित्यातून ‘तिलकनगर’ सजवले. या अधिवेशनाची आठवण शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी नेहमी काढली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिथे झालेल्या आणखी एका ठरावाकडे कमी लक्ष गेले आहे. भारताची राज्यघटना भारतीयांनीच बनवावी आणि ती बनवणारी घटनासमिती प्रौढ मताधिकाराने निवडलेली असावी, या मागणीचा फैजपूरला पुनरुच्चार झाला. प्रौढ मताधिकारात स्त्रीचे मत आपोआप येते. त्यासाठी जमीन लागत नाही, शिक्षण लागत नाही आणि नवराही लागत नाही. ज्या तालुक्यातल्या बहुसंख्य बायका त्या हिवाळ्यात मतदार नव्हत्या, त्याच तालुक्यातून ही मागणी देशापुढे गेली. प्रत्यक्षात घटनासमिती प्रांतिक विधिमंडळांतून अप्रत्यक्षपणे निवडली गेली; मताधिकार मात्र त्या घटनेने सर्वांना दिला.

1942 च्या आंदोलनाने खानदेशातील स्त्रियांना रस्त्यावर आणले. अमळनेरच्या लीलाताई पाटील यांनी पती डॉ. उत्तमराव पाटील यांच्यासह लढ्यात उडी घेतली आणि तुरुंगवास सोसला. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारला शाळकरी मुलामुलींची मिरवणूक निघाली. पोलिसांनी मुलींवर बंदुका रोखल्या तेव्हा शिरीषकुमार मेहता पुढे झाला आणि गोळी खाऊन पडला, असे सांगितले जाते. त्याच्यासह पाच मुले हुतात्मा झाली. त्या मिरवणुकीत चाललेल्या मुलींची नावे शिरीषकुमारच्या नावाइतकी सर्वतोमुखी झाली नाहीत. पण नंदुरबारसारख्या बाजारपेठेच्या गावात घरोघरच्या मुली झेंडा घेऊन पोलिसांसमोर उभ्या राहिल्या, हे त्या भागाच्या सार्वजनिक जीवनातले नवे पाऊल होते.

26 जानेवारी 1950 रोजी घटना अमलात आली आणि 21 वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक नागरिकाला मत मिळाले. घराघरांत फिरून मतदारांची नावे टिपण्याचे काम सुरू झाले तेव्हा एक अनपेक्षित अडचण पुढे आली. कित्येक स्त्रिया स्वतःचे नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख त्या देत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद ग्राह्य धरायला नकार दिला आणि देशभरातून सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे पहिल्या यादीतून वगळावी लागली. यातली बहुसंख्य उत्तर आणि मध्य भारतातल्या राज्यांतली होती. मुंबई राज्यात हा प्रश्न तेवढा तीव्र नव्हता. तरी नवऱ्याचे नाव उखाण्यातच घ्यायचे आणि स्वतःला ‘अमक्याची माय’ म्हणून ओळखू द्यायचे, ही रीत खानदेशालाही परकी नव्हती. सेन यांचा निर्णय त्या वेळी कठोर वाटला असेल, कारण लाखो स्त्रियांचे पहिले मत त्याने हुकले. पुढच्या याद्यांत मात्र त्या स्वतःच्या नावाने आल्या.

मुंबई राज्यात मतदान जानेवारी 1952 मध्ये झाले. निरक्षर मतदारांसाठी त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, एवढेच काम. बैलजोडी ओळखायला अक्षरओळख लागत नव्हती. आपल्या कवितेने खानदेशी बोलीला साहित्यात स्थान मिळवून देणाऱ्या बहिणाबाई चौधरी त्या आधी महिनाभर, 3 डिसेंबर 1951 रोजी, जळगावात निवर्तल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. 1935 च्या कायद्यातली साक्षरतेची वाट त्यांच्यासाठी बंदच होती. त्यांच्यासारख्याच निरक्षर, शेतात राबणाऱ्या हजारो स्त्रिया त्या जानेवारीत पहिल्यांदा मतदान केंद्रावर गेल्या.

जळगाव मतदारसंघातून या निवडणुकीत काँग्रेसचे हरी विनायक पाटसकर लोकसभेवर गेले. चोपड्यात वकिली केलेले पाटसकर घटनासमितीचेही सदस्य होते. खानदेशातील स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास त्यांच्याशिवाय पुरा होत नाही, आणि तरीही या संदर्भात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर 1951 मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्या विधेयकाचे तुकडे करून ते एकेक कायद्याच्या रूपाने संमत करायचे असे नेहरू सरकारने ठरवले, आणि हिंदू विवाह कायदा (1955) व हिंदू वारसा कायदा (1956) संसदेत पुढे नेण्याचे काम कायदा खात्याचे मंत्री म्हणून पाटसकरांकडे आले.

वारसा कायद्याने काय बदलले हे शेतकरी कुटुंबाच्या संदर्भातच नीट कळते. त्याआधी हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मिळणारा हक्क हयातीपुरता होता. उत्पन्न खाता येई, पण आपल्या मर्जीने ती मालमत्ता विकता किंवा कोणाला देता येत नसे. 1956 च्या कायद्याने स्त्रीच्या ताब्यातली अशी मालमत्ता पूर्णपणे तिची झाली. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यांच्या मालमत्तेत मुलीलाही हिस्सा मिळू लागला. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी जन्माने सहहिस्सेदार झाली नाही; त्यासाठी महाराष्ट्राला 1994 पर्यंत आणि देशाला 2005 पर्यंत थांबावे लागले.

कायदा झाला तरी रूढीने त्याला बगल देणारा मार्ग शोधून काढला: हक्कसोडपत्र. वडील वारले की तलाठ्याकडे वारसनोंद होताना बहिणींची नावे लागत, आणि थोड्याच दिवसांत त्या भावाच्या नावे हक्क सोडून देत. माहेर तुटू नये, भाऊबीज आणि अक्षय्यतृतीयेची माहेरवाट मोकळी राहावी, हा त्यामागचा हिशेब होता. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकीचा मान मोठा. त्या मानाची किंमत तिने जमिनीच्या हिश्श्याने मोजली. हा सौदा राजीखुशीचा म्हटला जातो. ज्या सौद्यात एकाच बाजूने नेहमी सोडून द्यायचे असते, तो राजीखुशीचा कसा मानावा?

मत मिळाले, पण उमेदवारी? 1962 च्या विधानसभा निवडणुकीत जळगाव मतदारसंघातून प्रतिभा पाटील काँग्रेसतर्फे निवडून आल्या. 19 डिसेंबर 1934 रोजी नाडगाव येथे जन्मलेल्या आणि जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताईंचे वय त्या वेळी 27 होते. 1967 पासून त्या एदलाबाद मतदारसंघातून सलग चार वेळा विधानसभेवर गेल्या. संत मुक्ताईच्या नावावरून मुक्ताईनगर झाले ते हेच एदलाबाद. उपमंत्री, कॅबिनेट मंत्री आणि 1979-80 मध्ये विधानसभेतील विरोधी पक्षनेत्या अशी पदे त्यांनी सांभाळली. पुढे त्या राज्यसभेच्या उपसभापती आणि राजस्थानच्या राज्यपाल झाल्या, आणि 25 जुलै 2007 रोजी भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. ग्रामीण मतदारसंघातून एक स्त्री वारंवार निवडून येऊ शकते हे त्यांच्या कारकिर्दीने सिद्ध केले. पण त्यांच्यामागून खानदेशात स्त्री उमेदवारांची रांग लागली नाही. 1952 ते 2009 या काळातल्या सार्वत्रिक निवडणुकांत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांनी एकही स्त्री लोकसभेवर पाठवली नाही.

निवडणुकीबाहेरही राजकारण घडत होते. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातला आणि 1 जुलै 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यात गेलेला शहादा तालुका हे त्याचे मोठे उदाहरण. तिथे भिल्ल शेतमजुरांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कर्जापोटी आणि फसवणुकीने हातच्या गेल्या होत्या आणि सालदारकीने, म्हणजे वर्षाच्या कराराच्या चाकरीने, त्यांना बांधून ठेवले होते. अंबरसिंग सुरतवंती आणि इतर कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने 1972 मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन आणि मजुरी हे तिचे प्रश्न. दुष्काळाच्या त्या वर्षांत आदिवासी स्त्रिया मोर्चांत आणि कामाच्या मागण्यांत पुढे होत्या, आणि शिबिरांत एकत्र बसल्यावर त्यांनी एक वेगळाच प्रश्न मांडला: दारू. मजुरीचे पैसे गुत्त्यात जातात आणि रात्री मार बसतो. स्त्रियांचे जथे दारूच्या अड्ड्यांवर गेले, मडकी फोडली आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. मजुरीचा लढा आणि घरातल्या हिंसेचा प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत हे शहाद्याच्या स्त्रियांनी कोणत्याही पुस्तकाच्या आधाराशिवाय दाखवून दिले. महाराष्ट्रातल्या पुढच्या स्त्रीमुक्ती चळवळीने शहाद्याचा वारंवार दाखला दिला तो त्यासाठी.

गावकारभाराची चौकट मात्र अजून पुरुषांचीच होती. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने प्रत्येक पंचायतीत स्त्रियांसाठी दोन जागा ठेवल्या. 1961 च्या जिल्हा परिषद कायद्यात एकही स्त्री निवडून न आल्यास एखाद-दुसरी स्वीकृत करून घेण्याची सोय होती. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. या तरतुदींनी सभागृहात एखादी खुर्ची मिळाली. चर्चेत वाटा मिळालाच असे नाही. दोन जागा म्हणजे दोनच जागा, असा त्यांचा अर्थ पुष्कळ गावांनी लावला.

हा अर्थ उलटा करण्याचा प्रयत्न शेतकरी चळवळीतून झाला. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड येथे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरवले. खानदेशाशेजारच्या जिल्ह्यातल्या या गावी लाखाहून अधिक स्त्रिया जमल्याचे सांगितले जाते. शेतकरी महिला आघाडीचा पाया तिथे घातला गेला. पंचायत राज्याच्या निवडणुकांत सगळ्या जागा स्त्रियांनीच लढवाव्यात, ही कल्पनाही तिथूनच पुढे आली. राखीव जागांची भाषा सर्वत्र चालू असताना संपूर्ण पॅनेल स्त्रियांचे उभे करायचे ठरवणे हे धाडस होते. 1989 च्या सुमारास झालेल्या ग्रामपंचायत निवडणुकांत महाराष्ट्रातल्या मोजक्या गावांत अशी पॅनेले उभी राहिली आणि जिंकलीही. जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे त्यांतले सर्वांत गाजलेले गाव.

विटनेरच्या पंचायतीत सगळ्या सदस्य स्त्रिया होत्या. सत्ता हाती येताच त्यांनी शहाद्याच्या स्त्रियांचाच प्रश्न वेगळ्या मार्गाने हाती घेतला आणि गावातले दारूचे दुकान बंद पाडले. शहाद्यात मडकी फोडावी लागली होती. इथे पंचायतीचे बळ पाठीशी होते. पण विटनेरचे नाव राज्यभर झाले ते जमिनीच्या नोंदीमुळे.

1990 च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम सुरू केली. शेतकऱ्याच्या घरची लक्ष्मी जन्मभर बिनमोबदला राबते, तेव्हा तिचे ऋण म्हणून नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने तिच्या नावावर करावा, अशी ही हाक होती. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील ते ‘लक्ष्मीमुक्त गाव’ म्हणून गौरवले जाई आणि शरद जोशी स्वतः तिथे जात. विटनेर या मोहिमेतल्या अगदी सुरुवातीच्या गावांपैकी एक होते. स्त्रियांची पंचायत निवडून देणाऱ्या गावातच बायकांच्या नावावर जमिनी होऊ लागल्या, हा योगायोग मानता येत नाही. ज्या बायांच्या सह्यांनी पंचायतीचे ठराव होत होते, त्यांचे नाव उताऱ्यावर का नसावे, हा प्रश्न विटनेरच्या घराघरांत पोचला होता.

मोहिमेला सरकारी दप्तराची अडचण लगेच जाणवली. बायकोच्या नावे जमीन करायची म्हणजे बक्षीसपत्र, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च. लहान शेतकऱ्याची इच्छा असली तरी खर्च परवडत नव्हता. 1992 मध्ये शासनाने परिपत्रक काढून ही वाट सोपी केली. नवऱ्याने अर्ज दिल्यावर तलाठ्याने फेरफार नोंदवून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावावे, अशी सोय झाली. एका चळवळीच्या आग्रहाने महसूल खात्याची रीत बदलल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

लक्ष्मीमुक्तीवर आक्षेपही घेतले गेले आणि त्यांत तथ्य होते. जमीन नवऱ्याच्या औदार्याने मिळत होती. तो तिचा हक्क आहे असे ही मोहीम म्हणत नव्हती, ऋणाची फेड म्हणत होती. शिवाय ज्या घराला जमीनच नाही त्या घरातल्या बाईसाठी यात काही नव्हते. शहाद्याच्या भिल्ल मजूर स्त्रिया, गावकुसाबाहेरच्या दलित स्त्रिया आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे लक्ष्मीमुक्तीच्या कक्षेबाहेर राहिली. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. पाटसकरांच्या कायद्याने मुलीला आणि विधवेला जे दिले ते रूढीने बऱ्याच अंशी परत घेतले. नांदत्या सुनेला मात्र कोणत्याच कायद्याने नवऱ्याच्या हयातीत जमिनीत नाव दिले नव्हते. विटनेरने ते दिले, आणि तेही गावाने सगळ्यांसमोर.

1990 मध्ये महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी 30 टक्के जागा राखीव केल्या. 24 एप्रिल 1993 रोजी 73 वी घटनादुरुस्ती अमलात आल्यावर ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, आणि सरपंच व अध्यक्षपदांनाही तेच प्रमाण लागू झाले. 74 व्या दुरुस्तीने नगरपालिकांनाही हा नियम लागू झाला. 2011 मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण 50 टक्के केले. खानदेशातल्या गावोगावी हजारो स्त्रिया पदावर आल्या, त्यांतल्या कित्येक घराबाहेरच्या सभेत पहिल्यांदा बसत होत्या.

या काळातल्या अडचणी सर्वश्रुत आहेत. सही बाईची आणि निर्णय नवऱ्याचा, हा ‘सरपंचपती’चा प्रकार जागोजाग दिसला. आरक्षण दर निवडणुकीत फिरत असल्याने एका मुदतीत काम शिकलेल्या बाईला पुढच्या वेळी त्याच वॉर्डात संधी मिळेलच असे नव्हते. 2001 पासून लागू झालेल्या दोन अपत्यांच्या अटीनेही स्त्रियांची वाट अडवली. किती मुले व्हावीत हे ठरवण्याचा अधिकार जिच्या हाती क्वचितच होता, तिचे पद त्यामुळे जाऊ लागले. दुसरीकडे 2003 च्या सुमारास कायद्यात आणखी एक बदल झाला. प्रत्येक ग्रामसभेआधी फक्त स्त्रियांची सभा घेणे बंधनकारक झाले. ज्या गावात ही सभा खरोखर भरली तिथे पाण्याची टाकी, अंगणवाडी आणि दारूबंदी हे विषय ग्रामसभेच्या कागदावर आले. दारूच्या दुकानाबाबत स्त्रियांनी थेट मतदान करण्याची तरतूदही याच काळात रुळली. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी ‘आडवी बाटली’ निवडली तर दुकान बंद. शहाद्यात अड्ड्यावर जाऊन मडकी फोडण्यापासून गुप्त मतदानाने दुकान बंद करण्यापर्यंत हा प्रश्न पोचला.

पंचायतीतली ही शाळा वरच्या पायऱ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत रावेर मतदारसंघातून रक्षा खडसे भारतीय जनता पक्षातर्फे निवडून आल्या. त्याआधी त्या मुक्ताईनगर तालुक्यातल्या कोथळीच्या सरपंच आणि जळगाव जिल्हा परिषदेच्या सदस्य होत्या. त्याच वर्षी नंदुरबारमधून डॉ. हिना गावित निवडून गेल्या. 2019 मध्ये दोघीही पुन्हा जिंकल्या.

13 मे 2024 रोजी जळगाव व रावेरमध्ये आणि 20 मे रोजी धुळ्यात लोकसभेसाठी मतदान झाले. जळगावातून भाजपच्या स्मिता वाघ आणि रावेरातून रक्षा खडसे अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या. स्मिता वाघ पूर्वी जळगाव जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या. धुळ्यात काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांनी माजी केंद्रीय मंत्री सुभाष भामरे यांचा 3831 मतांनी पराभव केला; त्या पूर्वी नाशिकच्या महापौर होत्या. नंदुरबारमध्ये हिना गावित पराभूत झाल्या. त्या निवडणुकीत महाराष्ट्रातून सात स्त्रिया लोकसभेत गेल्या आणि त्यांपैकी तिघी जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या तीन मतदारसंघांतल्या होत्या. तिघींच्याही वाटचालीत एक समान दुवा आहे: तिघी स्थानिक स्वराज्य संस्थांतून आल्या. रक्षा खडसे जून 2024 मध्ये केंद्रात क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री झाल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. जळगाव जिल्ह्यात 11 आणि धुळे जिल्ह्यात 5 अशा 16 मतदारसंघांतून एकच स्त्री निवडून आली, साक्रीच्या मंजुळा गावित. 2019 मध्ये त्यांच्याबरोबर चोपड्याच्या लताबाई सोनवणेही होत्या. लोकसभेच्या तिन्ही जागांवर स्त्रिया निवडून देणाऱ्या या जिल्ह्यांनीच सहा महिन्यांत विधानसभेवर पंधरा पुरुष पाठवले. याचे उत्तर मतदारांपेक्षा पक्षांच्या उमेदवारी यादीत अधिक सापडते. विधानसभेचा मतदारसंघ म्हणजे साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, जिल्हा बँक आणि बाजार समिती यांचे जाळे, आणि या संस्थांच्या संचालक मंडळांत राखीव जागांपलीकडे स्त्री अजूनही क्वचितच दिसते. या संस्थांचा सभासद होण्यासाठी पुष्कळदा सातबाराच लागतो. सप्टेंबर 2023 मध्ये 106 वी घटनादुरुस्ती झाली आणि लोकसभा व विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवण्याची तरतूद आली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर व्हायची असे तिच्यातच लिहिले आहे.

खालच्या पायरीवर मात्र मधली वर्षे रिकामी गेली. मार्च 2022 मध्ये जळगावसह महाराष्ट्रातल्या 25 जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादामुळे निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. 2023 मध्ये जळगाव आणि धुळे महानगरपालिकांचीही मुदत संपली. या सभागृहांतल्या निम्म्या जागा कायद्याने स्त्रियांच्या होत्या, आणि ज्या वर्षी खानदेशाच्या तीन स्त्रिया लोकसभेत गेल्या, त्या वर्षी जळगावच्या जिल्हा परिषदेत आणि दोन्ही शहरांच्या महापालिकांत एकही निवडून आलेली सदस्य नव्हती. रखडलेल्या या निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला.